पिंपाची जागा

बामणोलीच्या धक्क्यावरनं पिंप दिसतं.
निम्मं पिवळं, निम्मं गंजकं,
वर पाणकावळ्यांनी घातलेली पांढरी टोपी.
नवा गडी विचारतो, बुडालेली दीपमाळ कुठं?
आम्ही बोट दाखवतो : ती काय, पिंपाखाली.

भागुजीकाका हसायचा.
तीस वर्षं मुंबई बंदरात, बोये सांभाळणाऱ्या जहाजावर.
"पिंपाखाली न्हाय. पिंपाच्या आसपास.
बोया कदी जागंवर नसतो, लेका.
त्यो जागंला बांधलेला असतो."

साखळी पन्नास हात.
भाद्रपदात पाणी काठोकाठ,
साखळी ताठ, पिंप दीपमाळेच्या डोक्यावर उभं.
पण तेव्हा ती इतकी खोल
की लाँचवर लाँच ठेवून नेली तरी लागायची नाही.

मग पाणी उतरतं. दिवसाला चार बोटं, सहा बोटं.
कुठंतरी दिवे लागतात, इथला काठ उघडा पडतो.
दावं सैल झालेल्या शेळीसारखं
पिंप वाऱ्यामागं चरायला जातं :
सकाळी तापोळ्याकडं, दुपारी वासोट्याच्या अंगाला,
रात्री कुठं, ते मी पाहिलेलं नाही.
शिमग्याच्या सुमाराला
दीपमाळ वर येते, पाण्याखाली एक हात,
दिसत नाही, लागते.
आणि नेमकं तेव्हाच
पिंप तिच्यापासनं सगळ्यात लांब असतं.

काका पिंपाकडं बघायचाच नाही.
"शाळंच्या पत्र्याचं टोक अन् मागचा हिरडा एका रेघंत धर.
हिकडं शेलारांच्या गोठ्याचा खांब अन् वरची खिंड.
दोन रेघा कापत्यात तितं ती."
नऊ वर्षं मी तेच केलं.
मग पट कमी म्हणून शाळेला कुलूप लागलं.
पत्रा वाऱ्यानं गेला की कुणी नेला, ठाऊक नाही.
हिरडा उभा आहे.
एकट्या झाडाची रेघ होत नाही.

त्या साली लाँच लागली.
तेरा माणसं, दोन पोती तांदूळ, लग्नाला निघालेली बँडची एक तुतारी.
तळाला कर्र झालं, एक फळी उचकटली,
कुणाला काही झालं नाही,
तुतारीवाला तेवढा पाण्यात वाकून बघत राहिला.
पिंप तर तिकडं होतं, सगळे म्हणाले.
मीही म्हणालो.

वैशाखात तळ उघडा पडल्यावर गेलो, मी आणि काका,
भेगाळ गाळातनं, शिंपल्यांवरनं,
कुणाच्यातरी जोत्याला वळसा घालून.
पिंप आडवं पडलेलं. साखळीची वेटोळी.
टोकाला चरकाची लाट,
काका मुंबईला असताना मेढ्याच्या भंगारातनं आणून आम्हीच टाकलेली.
"लाट?" काका खाली बसलाच.
"आरं, गोल वस्तू. लोळंल न्हाय तर काय करंल?"

गाळात चर होता.
दीपमाळेपासनं निघालेला,
उतार धरून जुन्या नदीकडं,
मध्ये एकदा थांबलेला, बहुधा दोनतीन वर्षं,
मग पुन्हा.
काकानं काठी बगलेत धरून पावलं मोजली.
त्रेचाळीस.
"किती सालांत?"
"अकरा."
"साखळी तुटली?"
"नाही."
"गाठ सुटली?"
"नाही."
त्यानं तंबाखू मळायला घेतली,
मळली, आणि तोंडात न टाकता
दीपमाळेच्या कोनाड्यातला गाळ
अंगठ्यानं उकरत बसला.

आता तिथं सिमेंटचा चौकोनी ठोकळा आहे.
काका नाही.
दर वैशाखात जाऊन मी
ठोकळ्याच्या कडेनं दगड पुरून येतो
आणि पुढच्या वैशाखात अंतर मोजतो.
यंदा चार बोटं.
नदीकडंच.